तिसऱ्या खेपेचा अभ्यास

दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा मी रडले नाही. हैदराबादच्या त्या परीक्षा केंद्रात निकाल कॉम्प्युटरवर लगेच दिसतो. शेवटचं बटण दाबलं, पडद्यावर काही तरी गोल गोल फिरलं आणि इंग्रजीत ती ओळ आली. पहिल्या खेपेला मी ती परत परत वाचली होती. या खेपेला एकदाच वाचली. लॉकरमधली पर्स घेतली, तिथल्या बाईंनी दाखवलं तिथं सही केली आणि खाली आले.

नवरा समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. माझ्याकडं बघून उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "चल, आधी काही तरी खाऊ." झालं का, असं त्यानं विचारलंच नाही. बिदरच्या बसमध्ये बसेपर्यंत आम्ही इडली आणि उन्हाशिवाय कशाबद्दल बोललो नाही. जहिराबाद मागं पडल्यावर तो खिडकीकडं बघत म्हणाला, "आता राहू दे म्हणावं का आनखी एकदा बस म्हणावं, मलाच कळंना झालंय."

"मलाबी कळंना," मी म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

ही परीक्षा म्हणजे आखाती देशात नर्स म्हणून काम करायचा परवाना. माझं इथलं शिक्षण झालेलं आहे, रजिस्ट्रेशन आहे, दहा-बारा वर्षांचा अनुभव आहे. पण तिकडच्या दवाखान्यात उभं राहायचं तर आधी त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. प्रश्न इंग्रजीत, प्रत्येकाला चार पर्याय. वाईट असं की चारही पर्याय बरोबरच असतात. त्यातलं नर्सनं आधी काय करायचं, तेवढं ओळखायचं.

माझं माहेर भालकी तालुक्यातलं. वडील साखर कारखान्यात होते. गाळप सुरू झालं की त्यांच्या शर्टाला मळीचा वास यायचा आणि तो धुऊनही जात नसे. दहावीपर्यंत मी मराठी शाळेत शिकले आणि तिथून उचलून कुणी तरी इंग्रजी पुस्तकांत टाकावं तशी नर्सिंगला आले. पहिलं वर्ष मी अर्थ न कळता पाठ केलं. पुढं वॉर्डात काम करता करता अर्थ कळत गेला, पण तो हातांना कळला. पुस्तकातलं वाक्य समोर आलं की अजूनही मी आधी ते मनात मराठीत करते, मग उत्तर शोधते, मग उत्तर परत इंग्रजीत नेते. तोवर घड्याळ पुढं गेलेलं असतं.

ज्या दवाखान्यात मी काम करते तिथं एका कॉटवर कानडी बोलणारा, शेजारी उर्दू बोलणारी, पलीकडं औरादकडचा तेलुगू-मराठी मिसळून बोलणारा माणूस असतो. कुणाचं पोट कळा मारतं, कुणाचं नुसतं कालवतं, कुणाच्या पायाची आग होते, कुणाचा जीव घाबरा होतो. हे सगळं मी डॉक्टरांना इंग्रजीत सांगते. तिथं मला अडचण येत नाही, कारण माणूस समोर असतो. प्रश्नपत्रिकेतल्या पेशंटला चेहरा नसतो. त्याला वय असतं, नाडी असते, बीपी असतं, आणि त्याच्याजवळ एकसुद्धा नातेवाईक उभा नसतो. असला पेशंट मी जन्मात बघितलेला नाही.

दुसऱ्या निकालानंतर मी कलबुर्गीचा क्लास लावला. दर रविवारी सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळी परत. आठवडाभराची ड्यूटी अंगात असायची. हुमनाबादपर्यंत मी पुस्तक उघडून बसायची आणि कमलापूरच्या अलीकडंच डुलकी लागायची. क्लास एका रक्त तपासायच्या लॅबच्या वर होता. शिकवणाऱ्या बाई केरळच्या, आखातात पुष्कळ वर्षं काम करून आलेल्या. त्या फार बोलत नसत. प्रश्न वाचायच्या आणि आमच्याकडं बघायच्या.

माझ्या बाकावर आळंदची एक मुलगी बसायची. घरी कानडी बोलणारी, माझ्याहून बरीच लहान, मला अक्का म्हणायची. मला कानडी कळतं पण झरझर बोलता येत नाही, तिला मराठी येत नव्हतं, म्हणून आमचं दोघींचं बोलणं इकडच्या उर्दूत व्हायचं. एकदा डब्यातली भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, "अक्का, तुम पेशंट को नहीं देखतीं. उसके घरवालों का मूं देख को जवाब देतीं."

मला राग आला. पण गाडीत बसल्यावर मी त्या दिवसाचे चुकलेले प्रश्न परत काढून बघितले. ऑपरेशन झालेल्या माणसाचं बीपी पडलंय, नाडी वाढलीय, आधी काय कराल? मी लिहिलं होतं, डॉक्टरला बोलवेन. बरोबर उत्तर होतं, आधी जखमेची पट्टी बघेन, रक्त येतंय का ते पाहीन. वॉर्डात मीसुद्धा पट्टी बघतेच. पण आधी फोन करते, कारण फोन केलेला दिसला नाही तर मागं उभे असलेले पाच जण विचारतात, सिस्टर, डॉक्टर कुठंय? त्यांना फोन दिसला पाहिजे. इतक्या वर्षांत ते माझ्या अंगात मुरलं होतं. मुलगी खरं बोलत होती.

दोन महिन्यांनी ती पास झाली. तिनं क्लासमध्ये पेढे आणले. मी दोन खाल्ले, तिला जवळ घेतलं, आणि पुढच्या रविवारी स्टेशनवर गेलेच नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी पुस्तकं पलंगाखाली सारली आणि रविवारी झोपायला लागले. उठल्यावरही थकवा तसाच असायचा.

घर म्हणजे बिदरच्या मैलूर भागातल्या दोन खोल्या. नवरा, आमची चौथीतली मुलगी, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी मामी म्हणते. नवरा लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं आखातात वायरिंगच्या कामाला होता. तो तिकडं असतानाच सासरे गेले. सुट्टी मिळून तो पोचला तोवर सगळं आटोपलं होतं, घरात फक्त पाहुण्यांच्या सतरंज्या उरल्या होत्या. तेव्हापासून मामी त्या देशाचं नाव घेत नाहीत. 'तिकडं' म्हणतात. माझा फॉर्म पहिल्यांदा भरला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "आता ही जायली व्हय तिकडं," आणि कांदा चिरत राहिल्या होत्या. त्या मला कधी अडवणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मदत करतील असंही कधी वाटलं नव्हतं.

त्याच सुमारास दुबलगुंडीला माझ्या चुलत नणंदेच्या बाळाचं नाव ठेवायचं होतं. आम्ही सगळे गेलो. बुद्धवंदना झाली, बाळाचं नाव ठेवलं, जेवणं झाली, आणि बायका ओसरीवर पाय पसरून बसल्या. मला वाटलंच होतं की विषय निघणार.

"काय गं, कवा जायलीस परदेशाला?" एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं.

"न्हाई आजी. राहू दिलं आता."

"कामून गं? एवढं शिकलीस की."

मी काही बोलायच्या आत दुसरी म्हणाली, "दोनदा बसली म्हणं. न्हाई झालं." तिचा काही वाईट हेतू नव्हता. ती फक्त सांगत होती, जसं ऊस गेला नाही, बोअरला पाणी लागलं नाही, तसं. मी सुपारीच्या ताटातली खांडं गोळा करत राहिले.

तेव्हा मामी म्हणाल्या, "परत बसायलीय ती. राहू बिहू काई दिलं न्हाई. येळ लागतो त्याला."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या आजींना सुपारी देत होत्या.

परतीच्या बसमध्ये मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. मी मामींना हळूच म्हणाले, "मामी, तुमी तसं कामून सांगितलं? मी बसणार न्हाई आता."

"नको बसू." त्यांनी झोपलेल्या पोरीचे पाय आपल्या मांडीवर ओढून घेतले. मग म्हणाल्या, "पर इचारतेत तरी काय त्याच्यात? एवढा वॉर्ड सांभाळायलीस, आन् तुला येत न्हाई असं काय इचारतेत?"

मी एक प्रश्न सांगितला. चार पेशंट आहेत. एकाचा पाय मोडलाय आणि तो ओरडतोय. एका बाईला ताप आहे. एकाला दम्याचा झटका आला होता, छातीत शिट्टी वाजत होती, ती आता थांबलीय. चौथ्या म्हातारीला घरी सोडायचंय, ती कधीची वाट बघत बसलीय. आधी कुणाकडं जाल?

"म्हातारीकडं," मामी लगेच म्हणाल्या. "तिला घरी सोडून दे की. कामून बसवून ठेवायलीस?"

मी हसले. कितीतरी दिवसांनी हसले असेन. "न्हाई मामी. दमेवाल्याकडं."

"त्याचा तर दमा उतरला म्हणलीस."

"उतरला न्हाई. शिट्टी वाजायला आत हवा जावी लागती. आता हवाच जाईना, म्हणून आवाज बंद झाला."

"अगं बाई," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून बसल्या. तो दमेवाला खरंच कुठं तरी पडून आहे असं त्यांना वाटत असावं.

आणि मला जाणवलं की हे उत्तर मी पुस्तकात अनेकदा वाचलं होतं, दोनदा चुकवलं होतं, पण मराठीत तोंडानं कुणाला समजावून कधी सांगितलं नव्हतं. सांगताना ते डोक्यात एकदम जागच्या जागी बसलं.

अभ्यास परत असा सुरू झाला. सकाळची ड्यूटी करून मी तीनच्या सुमाराला घरी यायची. जेवून अर्धा तास पडायची. मग मामी भाजी निवडायला बसायच्या आणि मी त्यांच्यासमोर पुस्तक घेऊन बसायची. मी प्रश्न मराठीत सांगायची, त्या उत्तर द्यायच्या, बहुतेक वेळा चुकीचं. मग का चुकीचं ते मला सांगावं लागायचं, आणि त्यांना पटेपर्यंत त्या सोडत नसत. लेकराच्या बाजूनं त्या नेहमी कौल द्यायच्या. प्रश्नात लेकरू असलं की बाकीचे मेले तरी चालतील, आधी लेकरू.

पुढं त्या स्वतःच पेशंट व्हायला लागल्या. पलंगावर आडव्या होऊन म्हणायच्या, "हं, मी पेशंट. काय करतीस आता?"

"काय हुतंय तुमाला?"

"मी न्हाई सांगणार. मी बेशुद्ध हाय."

"बेशुद्ध माणूस बोलत न्हाई, मामी."

"मंग तुला कसं कळलं मी बेशुद्ध हाय का झोपलेय ते?"

मी त्यांचा खांदा हलवला, नाव घेऊन हाक मारली, श्वास बघितला. परीक्षेत नेमकं हेच विचारतात आणि मी नेमकं इथंच घाईत पुढं जायची. मामी डोळे मिटून पडलेल्या असत आणि मुलगी दारात उभी राहून हसत असे.

सगळे दिवस असे नव्हते. पुष्कळ दिवस मी घरी यायची ती बोलायच्या स्थितीत नसायची. वॉर्डात डेंग्यूचे पेशंट वाढले तेव्हा सुट्ट्या बंद झाल्या. पाय सुजायचे. पुस्तकावर डोकं टेकून बसायची आणि मामी विचारायच्या, "आज किती जणं मेली?" त्यांना पुस्तकातले म्हणायचं असायचं. मी म्हणायची, आज सगळीच. मग त्या उठून चहा टाकायच्या. एकदा मी आठवडाभर पुस्तक उघडलं नाही. त्यांनी आठवण केली नाही, पण रोज चार वाजता भाजीची पाटी घेऊन त्याच जागी बसल्या. शेवटी मीच पुस्तक काढलं, कारण त्यांना तसं नुसतं बसलेलं बघवेना.

इंग्रजीचा त्रास मात्र माझा मलाच होता. त्यासाठी मी एक केलं. मोबाइलवरचे सराव प्रश्न वाचताना आधी शेवटची ओळ वाचायची, विचारलंय काय ते बघायचं, आणि मग वरचा पेशंट वाचायचा. क्लासमधल्या त्या आळंदच्या मुलीनं फोनवर सांगितलेली युक्ती. ती तोवर तिकडं पोचली होती. आवाज थकलेला वाटायचा, पण ती मला बोलवायची, "आव अक्का, आव."

तिसऱ्या खेपेला हैदराबादला आम्ही आदल्या दिवशी गेलो नाही. पहाटेची बस पकडली. नवरा त्याच पायरीवर बसला. दुकान या वेळी उघडं होतं, त्यामुळं दुकानदारानं त्याला उठवलं, असं त्यानं नंतर सांगितलं.

परीक्षेत मला आठवतं ते एवढंच की आत एसी फार होता आणि मी स्वेटर नेला नव्हता. हात गार पडले होते. पहिले काही प्रश्न वाचूनही कळेनात. मग रक्त चढवताना थंडी वाजून आलेल्या एका माणसाचा प्रश्न आला. माझं बोट डॉक्टरला बोलावण्याच्या पर्यायावर गेलं आणि थांबलं. मी मनात मामींना सांगायला लागले: मामी, त्याला ते रक्त सोसंना झालंय. आधी रक्त बंद करायचं. फोन करेपर्यंत ते आत जातच राहील की. मी रक्त बंद केलं आणि पुढं गेले. मग प्रत्येक प्रश्न तसाच केला. वेळ संपत आला तेव्हा शेवटचे थोडे प्रश्न मी अंदाजानं भरले.

पडद्यावर ते गोल फिरणं थांबलं आणि ओळ आली. पास होते. मी ओळ वाचली, मग हात काखेत घालून तशीच बसून राहिले. आनंद यायला पाहिजे होता. आला तो नुसता ढिलेपणा, डबल ड्यूटी संपवून बूट काढल्यावर येतो तसा. बाईंनी येऊन विचारलं, मॅडम, तब्येत ठीक आहे ना?

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं आधी माझ्या हातातली पर्स घेतली. मग म्हणाला, "आईला फोन लाव." मी लावला. मामी म्हणाल्या, "बरं झालं. जेवलात का?" बसमध्ये मला अशी झोप लागली की बिदरला नवऱ्यानं हलवून उठवलं.

त्यानंतर चार-पाच दिवस मामी माझ्याशी कामापुरतं बोलल्या. शेजारणी आल्या, त्यांना चहा दिला, पण स्वतः कुणाला सांगायला गेल्या नाहीत. एका दुपारी मी ड्यूटीवरून आले तर त्या पाटीत मेथी घेऊन बसल्या होत्या. निवडत नव्हत्या.

मी समोर बसले. "मामी, तुमाला मी जावं असं वाटत न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग एवढं पेशंट हून पडलात कशाला?"

त्या मेथीची पानं खुडायला लागल्या. मग म्हणाल्या, "तू नापास हून घरात बसली असतीस तर तुझं पडलेलं तोंड मला रोज बघावं लागलं असतं. गेलीस तर एकदाच." काड्या बाजूला सारत म्हणाल्या, "पोरीचं बघंन मी. तुझ्या नवऱ्याचंबी बघंन. पर मला तारीख आधी सांगू नको. आदल्या दिशी सांग."

मी बरं म्हणाले. मग पाटीतली मेथी मीही निवडायला घेतली.

आता कागदपत्रांची तपासणी चालू आहे. नोकरी बघून देणारा एजंट म्हणतो, पुढच्या महिन्यात. मागच्या महिन्यातही तो पुढच्याच महिन्यात म्हणाला होता. मी सकाळच्या ड्यूटीला जाते. मुलगी विचारते, तिकडं पाचवी असते का, आणि मला माहीत नसतं. नवरा तिकडच्या उन्हाळ्याबद्दल अधूनमधून सांगतो, पाणी टाकीत इतकं तापतं की सकाळीच भरून ठेवावं लागतं, असलं काही. मी ऐकून घेते. विचारायच्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण संध्याकाळी घरी आल्यावर त्यातली एकही आठवत नाही. मी हातपाय धुते आणि भाकरी करायला बसते.